खालच्या फडाचं पाणी

भिकन भामरेंनी पाटाच्या दाराचं सील तोडलं, यात वादच नव्हता. ते त्यांनी भर दुपारी, चार माणसांदेखत तोडलं, हाताने चाक फिरवून खालच्या फडाला पाणी सोडलं, आणि हात धुऊन पाळी मंडळाच्या तक्रार क्रमांकावर स्वतःच फोन लावला. "सावळदऱ्याच्या चार नंबरच्या दाराचं सील मी तोडलंय. पाटकरी आहे मी इथला." पलीकडचा यंत्राचा गोड आवाज म्हणाला, "आपली तक्रार नोंदवली आहे. धन्यवाद." तक्रार कसली डोंबलाची, चांगली ठणठणीत कबुली होती ती.

त्या कबुलीची नोटीस आठ दिवसांनी पुण्यात हेमांगी भामरेच्या टेबलावर आली. कारण ही दारं ज्या सॉफ्टवेअरवर उघडतात-मिटतात ते 'जलसूत्र' नावाच्या कंपनीचं, आणि हेमांगी त्या कंपनीत बारा वर्षं मुरलेली इंजिनीअर. छेडछाडीची प्रत्येक केस तांत्रिक अभिप्रायासाठी तिच्याकडेच यायची. आजवर अशा चाळीसेक केसेसवर तिने 'यंत्रणेत दोष नाही' असा शेरा मारून सही ठोकली होती. या वेळी आरोपीच्या रकान्यात तिच्या बापाचं नाव होतं.

तिचे साहेब राजाध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांना कुठलाही प्रश्न शांतपणे झाकता यायचा. ते म्हणाले, "ही केस तू बघू नकोस. नात्याचा प्रश्न आहे."

"मग कोण बघणार, सर?"

"बघायचंय काय त्यात? सील तुटलंय, तो माणूस हो म्हणतोय."

"तो माणूस उगाच सील तोडणारा नाही."

"प्रत्येक मुलीला वाटतं तसं," राजाध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी नोटीस उचलून आपल्या खणात टाकली. हेमांगीने त्याच दुपारी रजा टाकली. सुनावणी बारा दिवसांवर होती.

आता हे पाळी मंडळ काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं. लागोपाठ तीन वर्षं पाऊस रुसला, त्यानंतर २०३७ साली पाळीचा कायदा आला. अकराशे गावांतलं पाटाचं पाणी घड्याळावर आणि यंत्रावर गेलं. कुठल्या दाराने किती वाजता उघडायचं, किती तास पाणी द्यायचं, हे सगळं मंडळाच्या संगणकातून ठरायचं. कायद्यात एक कलम मोठं कडक होतं. मंडळाच्या नोंदवहीत 'पाळी दिली' असं लागलं की पाळी दिली. पुन्हा मागता येत नाही. भांडणं मिटावीत म्हणून केलेलं कलम, आणि खरं सांगायचं तर बरीचशी मिटलीही.

सावळदरे खानदेशातलं, फडाचं गाव. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन चार फडांत वाटलेली. शेतं ज्याची त्याची, पण एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी पिकांनी फड बदलायचा. ऊस या साली एका फडात, पुढल्या साली पुढच्यात. पाणी फिरवायला गावाने नेमलेला पाटकरी. तो सगळ्यांत आधी शेवटच्या शेताचं पाणी बघणार, मग वरच्याचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. यंत्र आल्यावर पाटकऱ्याला काम उरलं ते पाटातलं गवत काढायचं आणि दाराच्या पेटीवर कुणी दगड मारू नये म्हणून लक्ष ठेवायचं. भिकनआबांनी तेही इमानाने केलं.

हेमांगी गावात उतरली तेव्हा आबा गुडघाभर चारीत उभे राहून फावड्याने गाळ ओढत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा गाळ ओढायला लागले. बापलेकीचं बोलणं अहिराणीतच चालायचं, आपण ते मराठीत ऐकू.

"नोकरी सोडून आलीस?"

"रजा काढून."

"माझ्यासाठी काढली असशील तर जा परत. मी काही चोरी केलेली नाही."

"मग माफीनामा लिहून द्या म्हणतात, तो दिला का नाही? सील तोडल्याची माफी मागितली की नुसती ताकीद देऊन सोडतात."

आबांनी फावडं टेकवलं. "सील तोडलं ते चूक असतं तर तोडलं कशाला असतं मी? खालच्या फडाला तीन पाळ्या पाणी नाही. तिन्ही वेळा फोनवर मेसेज आला, पाळी दिली. कुणाला दिली? सांडव्यावरून सगळं पाणी नदीत जाताना मी या डोळ्यांनी बघितलं. मंडळाला चार वेळा फोन केला. दर वेळी ती बाई म्हणते, धन्यवाद."

तेवढ्यात बांधावरून द्वारकाबाई निकुंभ आल्या. खालच्या फडात यंदा कांद्याच्या बियाण्याचे डोंगळे लावलेले, आणि सगळ्यांत शेवटचं शेत यांचं. मंडळाकडे मूळ तक्रार यांनीच केलेली: नोंदवहीत पाणी दिलंय आणि शेतात थेंब नाही, म्हणजे पाटकऱ्याने मधल्या मध्ये वळवलं. नोंदवहीवर विश्वास ठेवला तर दुसरा अर्थ निघतच नव्हता.

"आलीस का बापाला वाचवायला?" द्वारकाबाई म्हणाल्या. "वाचव, वाचव. माझी तक्रार गेल्यावर बरोब्बर दार उघडलं यांनी. त्याच्या आधी तीन पाळ्या झोप लागली होती का?"

"काकू, आबांनी पाणी वळवलं असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"मला काय वाटायचंय? डोंगळे सुकले माझे. फुलं धरायच्या वेळेला पाणी नाही. सालभराची मेहनत गेली, आणि मंडळ म्हणतं तुम्हाला पाणी मिळालंय. वेडी ठरवली मला."

त्या निघून गेल्यावर आबा म्हणाले, "तिचं काय चुकलं? माझ्या जागी दुसरा असता तर मीही हेच म्हटलं असतं."

दोन दिवस हेमांगी दाराच्या पेटीपाशी बसून होती. पेटी ठीक. मोटर ठीक. दार वंगण घातल्यासारखं सरकत होतं. तिने पंचवीस वेळा हुकूम दिला, पंचवीस वेळा दार उघडलं. तिसऱ्या दिवशी ती वैतागून आबांना म्हणाली, "सगळं नीट आहे. आता मी काय शोधू?"

"तू इथे बसून हुकूम देतेस म्हणून नीट आहे," आबा म्हणाले. "हुकूम येतो कुठून? वरच्या मोठ्या पेटीकडून. तिथून दे की. मधे ऊस आहे."

"ऊस आहे तर काय झालं?"

"मला काय माहीत काय झालं. एवढं माहीत आहे, ऊस मधल्या फडात आला की खालचा फड कोरडा. चार सालांमागे आला होता, तेव्हाही असंच. तेव्हा मी म्हटलं, चारीला उंदरांनी बिळं पाडली. सगळी चारी उकरून काढली मी, एक बीळ सापडलं नाही. लोक म्हणाले पाटकऱ्याला वय झालं."

हेमांगी उठली आणि पाटाच्या काठाने वरच्या पेटीपर्यंत चालत गेली. तिथून खालच्या दाराकडे पाहिलं तर दार दिसेच ना. मधे दीड पुरुष उंचीचा, पाण्याने टच्च भरलेला हिरवागार ऊस. दोन पेट्या एकमेकींशी रेडिओवर बोलतात, आणि ओल्या पानांतून जाताना रेडिओचा आवाज मरतो, हे तिला शिकवायला कुणी लागत नव्हतं. तिला लाज याची वाटली, की पिकं फड बदलत फिरतात हे लहानपणापासून माहीत असून तिने कधी हा विचार केला नव्हता. तिने तिथून हुकूम दिला. दहातले सहा पोचले. चार वाटेत विरले.

पण कोडं अजून सुटलं नव्हतं. हुकूम विरला हे समजलं. मग नोंदवहीत 'पाळी दिली' कसं लागलं?

इथे थोडं विज्ञान. पाण्याची एक पाळी म्हणजे संगणकाच्या भाषेत एक ट्रान्झॅक्शन. वरचं दार मिटायचं, खालचं उघडायचं, नोंदवहीत तास लिहायचे. तीन कामं, पण मिळून एकच. होतील तर तिन्ही, नाहीतर एकही नाही. पूर्वी साटंलोटं व्हायचं ना, तसं. या घरची मुलगी त्या घरात, त्या घरची या घरात, एकाच मांडवात. एक लग्न लागलं आणि दुसऱ्याच्या वेळी नवरदेव रुसून निघून गेला, तर पहिल्याच्या अक्षता काही परत गोळा करता येत नाहीत, म्हणून तर काठ्या निघायच्या. डेटाबेसमध्ये मात्र अक्षता परत गोळा करता येतात. अर्धवट झालेलं सगळं पुसून पहिल्यासारखं करायचं, त्याला रोलबॅक म्हणतात. अट एकच. दुसरं लग्न मोडलं हे मांडवात कुणीतरी ओरडून सांगितलं पाहिजे. त्या ओरडण्याला इंजिनीअर लोक एक्सेप्शन म्हणतात.

जलसूत्रच्या कारभारात हा ओरडणारा म्हणजे 'दुवा' नावाची लायब्ररी. पुस्तकांची नव्हे, वरचा कार्यक्रम आणि खालचे डेटाबेस यांच्या मधे बसणारा सॉफ्टवेअरचा तुकडा, मध्यस्थ म्हणा. प्रत्येक दाराच्या पेटीत एक छोटा डेटाबेस, मंडळात एक मोठा, आणि सगळ्यांशी बोलणार दुवा. आता मध्यस्थाने कुठेही बिनसलं तरी एकाच पद्धतीने बोंब मारायला हवी. दुवाचं तसं नव्हतं. काम चालू असताना बिनसलं तर तो चांगला खणखणीत ओरडायचा. पण शेवटच्या क्षणी, सगळं पक्कं करा असं म्हटल्यावर एखाद्या पेटीकडून उत्तर आलं नाही, तर तो लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीत, एक ओळ खरडायचा आणि वर सांगायचा, झालं काम. मोठी नोंदवही तोवर पक्की झालेली असायची. दार मिटलेलंच.

ते चार ओळींत लिहिलं होतं. घराच्या ओट्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन हेमांगी त्या चार ओळींकडे बघत बसली. वर एक टीप होती: 'सध्यापुरतं'. खाली लिहिणाऱ्याचं नाव. तिचंच.

तिला तो दिवस लख्ख आठवला. सहा वर्षांपूर्वीचं उद्‌घाटन. मंडप, हार, पाहुणे बटण दाबायला उभे, आणि तालमीत पडद्यावर सारखी लाल पाटी येत होती, उत्तर नाही, उत्तर नाही. राजाध्यक्ष कानाशी लागले, "हेमांगी, आजच्या दिवस ही पाटी बंद कर. नेटवर्क हळू आहे, दार तर उघडतंय ना?" दार उघडत होतं. तिने दहा मिनिटांत चार ओळी लिहिल्या. टाळ्या वाजल्या. उद्या काढून टाकू असं तिने मनाशी म्हटलं होतं, आणि आपल्याकडे सध्यापुरतं म्हटलेलं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तिने सहा वर्षांचे लॉग मागवले आणि ती एक ओळ त्यात शोधली. सगळ्या अकराशे गावांत मिळून तीन हजार नऊशे बारा वेळा सापडली. तीन हजार नऊशे बारा पाळ्या, दिल्या असं लिहिलेल्या आणि न दिलेल्या. मग तिने आपण शेरा मारलेल्या त्या चाळीस केसेस काढल्या. त्यांतले एकवीस पाटकरी आणि दारराखे कामावरून गेले होते. त्यांतल्या सतरा जणांच्या दाराशी तीच ओळ होती. हेमांगीने लॅपटॉप मिटला आणि ओट्यावरच डोकं धरून बसली.

आबा पाणी घेऊन आले. तिने सगळं सांगितलं, चार ओळी कुणाच्या तेही.

"म्हणजे उंदरांना मी उगाच शिव्या दिल्या," आबा म्हणाले.

"आबा, चेष्टा नका करू."

"मग काय करू? चार साल मी लोकांच्या तोंडाला तोंड देतोय. कौतिक बोरसेने चावडीवर मला पाणीचोर म्हटलं. तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाला खालच्या फडातलं एक माणूस जेवायला आलं नाही. आणि तू पुण्यात बसून सह्या करत होतीस, यंत्रात दोष नाही म्हणून." त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळे तिला ते ऐकवेना. "राग आलाय मला. नाही असं म्हणणार नाही."

"यायलाच हवा."

"काय करणारेस आता?"

"दुरुस्त करेन. सुनावणीत सांगेन."

"सगळ्यांपुढे?"

"सगळ्यांपुढे."

"मग एक लक्षात ठेव," आबा म्हणाले, "माझ्यासाठी करू नकोस. माझं काय, दोन साल राहिलीत. बापासाठी केलंस तर लोक म्हणतील पोरीने बापाला सोडवलं, आणि संपलं. त्या द्वारकाबाईसाठी कर. आणि ते सतरा कोण म्हणालीस, त्यांच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी राजाध्यक्षांचा फोन आला. तिने लॉग मागवल्याचं त्यांना कळलं होतं.

"सापडलं तर तुला," ते म्हणाले. "छान झालं. पुढच्या आवृत्तीत घालू, चार-सहा महिन्यांत. गाजावाजा नको. तुझ्या वडिलांचं मी मंडळाशी बोलतो. माफीपत्रावर सही करू देत, ताकीद देऊन सोडतील. पाटकरीपण राहील, अब्रू राहील, तुझी नोकरी राहील."

"आणि तीन हजार नऊशे बारा पाळ्या?"

"त्या गेल्या, हेमांगी. वाहून गेलेल्या पाण्याला रोलबॅक नसतो, हे तू मला शिकवणार का? उद्या हे बाहेर आलं तर ज्याचं ज्याचं शेत सुकलं तो प्रत्येक जण आपल्या दारात उभा राहील. ज्यांना खरंच पाणी मिळालं तेही म्हणतील नाही मिळालं. नोंदवहीवरचा विश्वास उडाला की पाळीचा कायदाच गेला. पुन्हा काठ्या, पुन्हा डोकी फुटणार. ते हवंय तुला?"

ह्यात तथ्य नव्हतं असं नाही.

"सर, खोटं बोलणाऱ्या नोंदवहीवर विश्वास ठेवायला मी लोकांना सांगू?"

"शिवाय त्या ओळी लिहिल्या कुणी, हे विसरू नकोस."

"ते विसरायला झालं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही सांगितलंत, पण हात माझा होता. दोन्ही सांगणार आहे मी."

"तुझ्यावर कारवाई होईल."

"व्हायलाच हवी," असं म्हणून तिने फोन ठेवला.

कायद्यात एक गोष्ट तिच्या बाजूची होती. सार्वजनिक कामाचं सॉफ्टवेअर सगळ्यांना वाचायला उघडं असलं पाहिजे, आणि प्रत्येक तुकड्यामागे एका माणसाचं नाव आणि त्याची सही असली पाहिजे. दुवावर हेमांगीची सही चालायची. कंपनी तिला काढू शकत होती, पण त्यालाही पंधरा दिवसांची नोटीस. तेवढे दिवस तिला पुरे होते.

तिने त्या चार ओळी काढल्या. नुसत्या काढून भागणार नव्हतं. सहा वर्षांत दुवाला गप्प बसायच्या आणखी अकरा जागा सापडल्या होत्या, कुणी कुणी सोयीने घातलेल्या. तिने सगळ्यांना एक शिस्त लावली. कुठल्याही कंपनीची पेटी असो, कुठल्याही टप्प्यावर बिनसो, आधी सगळ्यांना विचारायचं तयार आहात का. एकाचंही उत्तर आलं नाही तर सगळं मागे, नोंद पुसायची, वरचं दार होतं तसं, आणि आवाज थेट ज्याची पाळी त्याच्या फोनपर्यंत. मधे कुणालाही तो दाबता येऊ नये. बाहेरच्या राज्यांतल्या दोन तपासनिसांनी बदल वाचून होकार दिला. सोबतच्या टिपणीत तिने लिहिलं: 'ही चूक मी केली होती. चुकलेल्या पाळ्यांची यादी जोडली आहे.' सुनावणीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिने सही केली, आणि तासाभरात नवा दुवा अकराशे गावांत पोचला.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात साडेदहाला सुनावणी बसली. मंडळाच्या अधिकारी तोरवणेबाई, पोक्त, कमी बोलणाऱ्या. पहिल्या रांगेत द्वारकाबाई. राजाध्यक्ष स्वतः आले होते. मागे सगळं गाव.

"भिकन भामरे, सील तुम्ही तोडलंत?" तोरवणेबाईंनी विचारलं.

"हो."

"परवानगी नव्हती."

"नव्हती. चार फोन केले होते."

"माफीपत्र तयार आहे. सही केलीत तर मंडळ सौम्य भूमिका घेईल."

आबांनी कागद हातात घेतला, पूर्ण वाचला, आणि घडी न घालता परत ठेवला. "बाई, खालचा फड कोरडा होता. पाटकऱ्याने दार उघडलं नसतं तर माफी मागितली असती."

मागून कुणीतरी हसलं. तोरवणेबाईंनी चष्म्यावरून तिकडे पाहिलं. मग हेमांगी उभी राहिली. तिने नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, नातं सांगितलं. मग उसाचं सांगितलं, साटंलोट्याचं उदाहरण देऊन न ओरडणाऱ्या मध्यस्थाचं सांगितलं, आणि शेवटी त्या ओळी आपणच लिहिल्या, आपण केलेल्या सह्यांवर सतरा माणसं विनाकारण कामावरून गेली, हेही सांगितलं. बोलताना तिने एकदाही आबांकडे पाहिलं नाही.

राजाध्यक्ष उठले. "मॅडम, वडिलांना वाचवण्यासाठी मुलगी काहीही बोलेल. आमच्या यंत्रणेत—"

तेवढ्यात अकरा वाजले. अकराला खालच्या फडाची पाळी होती. खालच्या फडातल्या तीस-पस्तीस जणांचे फोन एकदम वाजले. द्वारकाबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "पाळी दिली गेली नाही. चार नंबरच्या दाराकडून उत्तर नाही. तुमचे तास शिल्लक आहेत." त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, आणि शेतावर असलेल्या सुनेला फोन लावला. "दार बघ गं. उघडलंय का?" सभागृह ऐकत होतं. "मिटलेलं आहे, आत्या."

"हिने आज सकाळी नवी आवृत्ती घातली आहे," राजाध्यक्ष म्हणाले. "यंत्रणा हिनेच बिघडवली. बघा, राज्यभरातून अशाच तक्रारी यायला लागल्यात." त्यांच्या हातातल्या पडद्यावर लाल ओळी खाली सरकत होत्या. सत्तावीस गावं. एकतीस.

"बिघाड काल होता तेवढाच आज आहे, सर," हेमांगी म्हणाली. "काल तो तुम्हाला-मला माहीत होता. आज त्यांना माहीत आहे."

"उद्यापासून तू कामावर येऊ नकोस."

"उद्याचं उद्या बघू."

तोरवणेबाईंनी टेबलावर पेन आपटलं. "बसा दोघंही. पुढचा आदेश होईपर्यंत दाराला कुणीही हात लावायचा नाही."

आबा मात्र उठले होते. त्यांनी टोपी सारखी केली आणि सरळ सभागृहाबाहेर चालायला लागले.

"भामरे, कुठे निघालात? सुनावणी चालू आहे."

"चालू द्या बाई. पाळीही चालू आहे."

"परवानगी नाही म्हणतेय मी."

"पाळी माझी आहे," द्वारकाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "मी देते परवानगी. जा हो भाऊ तुम्ही." आबा गेले. त्यांच्या मागून खालच्या फडातली पाच-सहा माणसं गेली, सगळ्यांत पुढे कौतिक बोरसे, मान खाली घालून.

द्वारकाबाई बसल्या नाहीत. त्या पुढे होऊन टेबलापाशी गेल्या. "मॅडम, तक्रार माझी आहे ना? त्यात भिकनभाऊचं नाव आहे, ते खोडा. मी माणूस चुकीचा धरला, त्यांची मी पायांवर डोकं ठेवून माफी मागेन. पण तक्रार तशीच राहणार. तीन पाळ्या पाणी मिळालं नाही, सालभराचं बियाणं गेलं. आता त्यात हिचं नाव घाला." त्यांनी हेमांगीकडे बोट केलं. "आणि त्या साहेबांचंही."

तोरवणेबाईंनी हेमांगीकडे पाहिलं. "तुम्हाला काही हरकत?"

"नाही. लिहा."

"पूर्ण नाव?"

"हेमांगी भिकन भामरे."

तोरवणेबाईंनी नाव लिहिलं. मधलं नाव लिहिताना त्या जराशा थांबल्या, मग पुढे लिहीत गेल्या. खाली हेमांगीने सही केली, नेहमी शेऱ्याखाली करायची तीच. इतकी वर्षं ती सही करताना तिला काहीच वाटत नसे. आज तिला भीती वाटत होती, आणि तरीही छाती मोकळी झाल्यासारखं वाटत होतं.

बाकीचे कागद पुरे होईपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला, आणि द्वारकाबाईंचा फोन वाजला. सून होती. भिकनभाऊंनी चाक फिरवलं होतं, पाणी चारीला लागलं होतं, आपल्या वाफ्यात शिरत होतं. "वाफ्यांची दारं धर नीट," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले. मग त्यांना एकदम काही आठवल्यासारखं झालं. त्या हेमांगीकडे वळल्या.

"पाणी आलं म्हणून तक्रार मागे घेणार नाही हां मी."

"घेऊही नका, काकू," हेमांगी म्हणाली.